एक पंचमांश

शिकाऊ शिक्षकांचं प्रयोगाबद्दलचं मत फार चांगलं असतं. ते दरवर्षीच चांगलं असतं. वर्षाच्या सुरुवातीला बाई विचारायच्या, "विज्ञान शिकवताना प्रयोग हवेत असं कोणाकोणाला वाटतं?" आणि वर्गात एकही हात खाली राहायचा नाही. कोणी उभं राहून बोलायला लागलं की ऐकणाऱ्याचा ऊर भरून यावा. मुलांनी स्वतः करून पाहिलं पाहिजे, प्रश्न विचारले पाहिजेत, घोकंपट्टीने पिढ्या वाया गेल्या, वगैरे वगैरे. मग वर्ष सरत यायचं, वार्षिक पाठांचे वेध लागायचे. बाहेरून परीक्षक येणार, खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर शिकवायचं, त्यावर पास-नापास ठरणार. बाई तेव्हा पुन्हा विचारायच्या, "पाठात प्रयोग कोण घेणार?" आणि तेच हात असे काही गायब व्हायचे की जणू त्या वर्गात कोणाला हात दिलेच नव्हते.

बाईंना कॉलेजात सगळे प्रयोगबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. विज्ञान कसं शिकवावं हे शिकवायचं, हे त्यांचं काम. जिन्याखालच्या लांबट खोलीतली प्रयोगशाळा हे त्यांचं खरं घर. घरी यजमान होते, छापखान्यातून निवृत्त झालेले आणि शब्दकोड्यांत रमलेले. ते म्हणत, "माझी सवत जिन्याखाली राहते." बाई हसत, पण चूक आहे असं काही म्हणत नसत.

खोलीत काचेची कपाटं होती, डाग पडलेली लांब टेबलं होती, आणि कितीही घट्ट पिळला तरी ठिबकणारा एक नळ होता. या वर्षी प्राचार्यांनी ती खोली मागितली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला कॉलेजात जागा उरली नव्हती.

"तुमच्या वस्तू जुन्या आहेत म्हणावं, तर त्या नव्याच्या नव्या आहेत," प्राचार्य म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त रिकामी खोली दिसली की त्यांना झोप लागत नसे. "कोणी हातच लावत नाही, बाई. मी काय करू?"

"लावतील."

"मी इथे आलो तेव्हापासून तुम्ही हेच म्हणताय."

ते खरंच होतं. शेवटी प्राचार्यांनाच दया आली असावी. ते म्हणाले, "असं करू. या वर्षी परीक्षकांनी एका तरी पाठातल्या प्रयोगाबद्दल चांगलं लिहू दे. एका. मग खोलीचं नाव काढणार नाही."

एक पाठ. बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांना हे फारच सोपं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात काही लपवून न ठेवता सगळं सांगितलं. खोली जाणार आहे, एका पाठाने वाचणार आहे, कोण घेतंय? वर्गात एक उंच, गुळगुळीत बोलणारा तरुण होता. सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम त्याने न मागता अंगावर घेतलेलं असल्यामुळे त्याला पुढारी म्हणत. तो उभा राहिला.

"बाई, प्रयोगाला आमचा विरोध नाही. कोणी तसं समजू नये."

"समजत नाही. घेतोस का?"

"मी तत्त्वाचं बोलतोय, बाई. तक्ता कधी फसत नाही. टांगला की टांगला. प्रयोगाचं काय, नेमका परीक्षकांसमोर रुसून बसतो. मग नापास कोण, प्रयोग की मी?"

वर्ग हसला. बाईंनाही हसू आलं, पण ते लवकर विरलं. एक जण म्हणाली, मुलं गोंगाट करतात. दुसरा म्हणाला, वेळ पुरत नाही. तिसरीने कबूलच केलं की तिला काडी ओढायची भीती वाटते, शाळेत असताना तिच्या शिक्षकांनीही कधी प्रयोग दाखवला नव्हता, फळ्यावर काढून दाखवला होता. एकेकाचं म्हणणं खरंच होतं, म्हणून तर बाईंना चिडताही येईना.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी घेते."

ती शंका होती. हे तिचं टोपणनाव, वर्गाने ठेवलेलं. कुठलीही गोष्ट हिच्या गळी सरळ उतरायची नाही, मध्येच "पण बाई" यायचंच. ती वर्गात शिरली की पुढारी म्हणायचा, "आली, शंका आली." ती इतरांपेक्षा वयाने थोडी मोठी होती. घरी लहान मुलगी, नवरा कामासाठी परगावी, मुलीला सासू सांभाळायची. गेल्या वर्षी ती वार्षिक पाठात नापास झाली होती. सासूने स्वच्छ सांगितलं होतं की हे शेवटचं वर्ष, माझे गुडघे आता लेकरामागे धावत नाहीत. एका शाळेत जागाही ठरली होती, पण ती पास झाली तरच.

शंकाने हात वर केला याचा बाईंना आनंद झाला, आश्चर्य मात्र वाटलं नाही. त्याला कारण होतं. हिवाळ्यात बाईंनी मेणबत्तीचा प्रयोग करून दाखवला होता. खोलगट ताटात रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की हवेतला प्राणवायू जळून गेला, तो हवेत एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. पिढ्यान् पिढ्या मुलांनी हे लिहून गुण मिळवलेत. सगळ्यांनी ते उतरवून घेतलं आणि घरी गेले. शंका एकटी थांबली. तिने दोन मेणबत्त्या लावून पाहिलं, मग तीन.

"पण बाई, तीन लावल्या तर पाणी जास्त चढतं. मग हवेत प्राणवायू वाढला का?"

बाई खुर्चीवर बसल्याच. नोकरीला लागल्यापासून या एका प्रश्नाची त्या वाट पाहत होत्या. मग दोघींनी संध्याकाळपर्यंत पेले पालथे घातले. पेला टेकवताना कडेने बुडबुडे सुटतात ते शंकानेच पाहिलं. म्हणजे तापलेली हवा फुगून बाहेर जाते, उरलेली गार झाली की आक्रसते आणि पाणी आत येतं, हेही तिनेच हळूहळू, अडखळत मांडलं. एक पंचमांशाचा इथे संबंध नाही. त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या गुणगुणतच. यजमानांनी कोड्यातून मान वर करून विचारलं, "सवतीला मुलगी झाली की काय?"

आता वार्षिक पाठाला शंकाने तोच प्रयोग निवडला. बाईंनी तिला एकच अट घातली. कॉलेजात आदला पाठ नावाची एक रीत होती. कोणी शिकवली नव्हती, पण कोणी चुकवतही नसे. परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी शिकाऊ शिक्षक गुपचूप त्याच वर्गात जाऊन तोच पाठ घ्यायचे. कुठल्या प्रश्नाला कोणी उत्तर द्यायचं, कोणी आधी जरा चुकायचं, कुठे नवल वाटून "अरे वा" म्हणायचं, सगळं बसवून घ्यायचे. त्या शाळेतली मुलं इतकी तयार झाली होती की एखाद्या नवख्या शिक्षकाला तीच सांगायची, "सर, इथे तुम्ही आम्हाला शाबास म्हणायचं असतं."

"आदला पाठ घ्यायचा नाही," बाई म्हणाल्या. "मुलांनी पाणी पहिल्यांदा चढताना पाहिलं पाहिजे. तुला हवी तितकी तयारी इथे कर."

"पण बाई, फसला तर?"

"तर मुलांना विचार, का फसला असेल? त्याच्याइतका चांगला पाठ नाही."

शंकाने मान हलवली. बाईंना ती होकाराची वाटली.

पाठाच्या दिवशी बाई शाळेत लवकर पोचल्या आणि शेवटच्या बाकावर परीक्षकांसाठी जागा धरून बसल्या. परीक्षक म्हणजे एक वयस्क, गोड बोलणारे गृहस्थ. सकाळपासून तक्ते पाहून त्यांना पेंग येत होती. प्रयोग आहे म्हटल्यावर ते सावरून बसले. "वा, किती वर्षांनी," ते म्हणाले. बाईंना ते शब्द अमृतासारखे लागले.

शंका आत आली. नवी साडी, केस चापून बसवलेले, हातात पिशवी. पिशवीतून तिने ताट काढलं आणि बाई बाकावरून पुढे झुकल्या. ताट प्रयोगशाळेतलं नव्हतं. पेलाही तिथला नव्हता. कॉलेजची काच वाटेत फुटली तर पदरचे पैसे भरावे लागतात, म्हणून तिने घरचीच भांडी आणली होती. घरचं ताट वापरून वापरून मधोमध फुगलेलं होतं. बाईंना ते इतक्या लांबूनही दिसलं. तिने पाणी ओतलं तसं ते कडेला जाऊन गोल उभं राहिलं आणि मधला उंचवटा जवळजवळ कोरडा राहिला. पेल्याची कड कोरड्यावर टेकणार, खालून हवा आत येत राहणार, मग पाणी कशाला चढेल?

पाण्यात शाई टाकलेली होती. पेल्यावर तिने पाच सारख्या खुणा केल्या होत्या. तिने काडी ओढली. ती विझली, दुसऱ्या काडीला मेणबत्ती पेटली. तिने पेला पालथा घातला. ज्योत लहान झाली, पिवळी झाली, विझली. धुराची एक रेघ वर गेली.

पाणी चढलं नाही.

ते कडेला होतं तिथेच राहिलं, तसूभर हललं नाही.  बाईंना भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर भीतीच्या आत कुठेतरी त्यांना हर्षही झाला होता. आता ती विचारेल. हीच ती वेळ. विचार गं, विचार त्यांना, का चढलं नाही म्हणून.

शंकाने वर्गाकडे पाहिलं. "मुलांनो, काय झालं?"

"पाणी चढलं, टीचर," वर्ग एका सुरात म्हणाला.

"कुठपर्यंत चढलं? कोण सांगेल?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली, टेबलाजवळ गेली, वाकली. पेल्याकडे तिने पाहिलं की नाही कोण जाणे. "पहिल्या खुणेपर्यंत, टीचर. म्हणजे एक पंचमांश."

"अरे वा," मागच्या तीन मुलांनी नवल वाटून म्हटलं.

"म्हणजे हवेत प्राणवायू किती?"

"एक पंचमांश."

"शाबास. लिहून घ्या."

मुलं लिहू लागली. पेला मधोमध तसाच उभा, आत पाण्याचा थेंब नाही. बाई नुसत्या बघत राहिल्या. ही हिवाळ्यातली शंका नव्हे, असं त्यांना वाटलं. आणि लगेच वाटलं, तीच आहे, म्हणून तर ती पेल्याकडे एकदाही बघत नाहीये.

परीक्षक त्यांच्याकडे झुकले. "छान झाला हो. चढलं ना पाणी? मला इथून नीट दिसत नाही, चष्म्याचा नंबर बदललाय."

बाईंच्या डोळ्यांपुढे खोली आली. कपाटं रिकामी करणारे लोक आले. मग शंकाची सासू आली, जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, लेकराला कडेवर घेऊन दारात उभी. उठून टेबलाजवळ जावं आणि पेला उचलून दाखवावा, एवढंच करायचं होतं.

"चढलं," बाई म्हणाल्या.

"उत्तम," परीक्षक म्हणाले, आणि लिहू लागले.

घंटा झाल्यावर मुलं बाहेर पळाली. ती पुढच्या बाकावरची मुलगी दप्तराच्या पट्ट्याशी झटापट करत मागे राहिली होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. पट्टा सोडवून देता देता त्यांनी हळूच विचारलं, "पाणी तुला नक्की कुठे दिसलं गं?"

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. परीक्षक गेले आहेत का ते पाहिलं. "दिसलं नाही. पण चढतंच ना ते."

"काल चढलं होतं ना, आदल्या पाठाला?"

"कालपण नव्हतं चढलं," मुलगी म्हणाली. "टीचरनी खूप वेळा केलं. मग म्हणाल्या, चढलं असं म्हणायचं." आणि बाईंचा चेहरा पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, समजूत काढल्यासारखी म्हणाली, "आम्हाला सगळ्यांना पाठ आहे."

शंका टेबलाशी फडक्याने ताट पुसत होती. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तरी तिने मान वर केली नाही.

"काल का नाही आलीस माझ्याकडे? ताट फुगलंय एवढंच होतं. दोन मिनिटांत सांगितलं असतं."

"ताटाचं होय," शंका म्हणाली. ती ताटाकडे बघत राहिली. "मला वाटलं, मलाच जमत नाहीये."

"अगं, पण मग यायचं."

"आले असते तर तुम्ही म्हणाला असता, आदला पाठ का घेतलास. आणि म्हणाला असता, नाही चढलं तर मुलांना तसंच सांग. बाई, मी तसं सांगू शकत नाही. गेल्या वर्षी मी तसंच केलं होतं. तुम्हाला न सांगता घरच्याच चुंबकाचा प्रयोग घेतला. तो फसला, मी मुलांना म्हटलं, बघू या का ते. मला नापास केलं. विषयावर पकड नाही, असं लिहिलं." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता. "तुम्ही चढलं म्हणालात ना त्यांना? मी ऐकलं. माझ्या जिवात जीव आला."

बाईंना तिला रागवायचं होतं, निदान काहीतरी शहाणपणाचं बोलायचं होतं.  गेल्या वर्षी ती दुसऱ्या परीक्षकाकडे होती आणि बाईंना कोणी हे सांगितलं नव्हतं, पण त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. त्यांनी शंकाच्या हातातून पेला घेतला, कोरडा असूनही पुसला आणि पिशवीत ठेवला.

अहवाल आला. प्राचार्यांनी तो बाईंना खुर्चीत बसवून वाचून दाखवला. प्रयोगाचा अत्यंत परिणामकारक वापर, मुलांचं निरीक्षण अचूक, असा शिक्षक घडवणाऱ्या विभागाचं अभिनंदन. प्राचार्य मनापासून खूष होते. खोलीचा विषय संपला, ते म्हणाले, शिवाय पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाच्या पाठात एक तरी प्रयोग सक्तीचा करू. बाई त्यांना खरं काय ते सांगायलाच आल्या होत्या. जिना चढताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं. "थांबा, आधी माझं ऐका," एवढं म्हणायचं होतं.

"काय हो बाई, आनंद नाही झाला?"

"झाला ना," बाई म्हणाल्या.

घरी यजमानांनी विचारलं तर त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. शंका पास झाली, शाळेत रुजू झाली. जाताना भेटायला आली तेव्हा दोघी हवापाण्याच्या गप्पा मारत बसल्या आणि दोघींनाही कधी एकदा उठतोय असं झालं.

नव्या वर्षाला नवे शिकाऊ आले. सक्तीची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पुढारी शिक्षणाची पुढची पदवी घ्यायला तिथेच राहिला होता, त्याने त्यांना धीर दिलेला दिसत होता, कारण पहिल्याच आठवड्यात सगळे हसतमुखाने प्रयोगशाळेत हजर झाले. त्या खोलीत इतकी माणसं बाईंनी कधी पाहिली नव्हती. बसायला स्टुलं पुरेनात.

"बाई, आम्हाला तो मेणबत्तीचा द्या," पुढारी म्हणाला. "मागच्या वर्षी गाजलेला."

"तोच का?"

"तो फसत नाही म्हणतात."

 बाईंनी कपाटातून खोलगट ताट काढलं, त्यात पाणी ओतलं, शाई टाकली. मेणबत्ती उभी केली, पेटवली. एवढ्या सगळ्यांतून एखादी तरी "पण बाई" म्हणेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांनी पेला सावकाश पालथा घातला. कडेने बुडबुडे सुटले. ज्योत विझली. पाणी चढू लागलं, गडद निळं, पेल्याच्या भिंतीला धरून, थांबत, पुन्हा चढत, अगदी जसं चढायला हवं तसं.

"बघा," बाई म्हणाल्या.

कोणी पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या. पाणी अजून चढतच होतं, आणि एक पंचमांश लिहून झालं होतं.